बुरशीवर पोटात घ्यायची औषधे : प्रस्तावना

कोल्हापुरात पावसाळा स्थिरावला की त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार वारंवार ऐकू येते. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठला आहे. कड लालसर आणि किंचित उंच, मधला भाग निवळल्यासारखा. आणि खाज अशी की रात्रभर डोळा लागत नाही. सांगणारा शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीजवळ दिवस काढणारा कामगार असतो, इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी करणारा असतो, गगनबावड्याकडे गुडघाभर चिखलात भाताची लावण करून आलेली बाई असते, नाहीतर तालमीत राहून कुस्तीचा सराव करणारा पोरगा असतो. बहुतेकांनी आधी एखादे मलम लावून पाहिलेले असते. अनेकांनी थोड्या दिवसांच्या गोळ्याही खाल्लेल्या असतात. गजकर्ण तेवढ्यापुरते दबलेले असते आणि पुन्हा पसरलेले असते. मग प्रश्न येतो : "डॉक्टर, गोळ्या घ्यायच्या तरी किती दिवस?"

या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर बुरशीचे जीवशास्त्र, औषधाचा शरीरातला प्रवास, कातडीची वाढ, यकृताची कामगिरी, औषधबाजाराची रीत आणि एका घरात राहणाऱ्या माणसांचे जगणे हे सगळे एकत्र ध्यानात घ्यावे लागते. तोंडावाटे घ्यायच्या बुरशीविरोधी औषधांचा अभ्यास म्हणजे या सगळ्यांचा एकत्रित विचार. मराठी वाचकाने या अभ्यासात यावे म्हणून हे पुस्तक आहे. वैद्यकाचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी, गावोगावचे डॉक्टर, औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहणारे फार्मासिस्ट, आशाताई आणि स्वतः गोळ्या घेणारे रुग्ण, असा सर्वांचा विचार करून ते लिहिले आहे.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की असावी : ही औषधे फार थोडी आहेत. जिवाणूंवर चालणाऱ्या प्रतिजैविकांची डझनभर कुळे आपल्या हाताशी आहेत. बुरशीवर पोटातून देता येतील अशा औषधांची कुळे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्वचा, केस आणि नखांच्या बुरशीसाठी रोजच्या व्यवहारात चारच नावे येतात : ग्रिसिओफल्विन, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल आणि टर्बिनाफिन. यांतली फ्लुकोनाझोल आणि इट्राकोनाझोल ही दोन एकाच कुळातली, म्हणजे कुळे धरली तर तीनच.

ही टंचाई संशोधकांच्या आळसातून आलेली नाही. बुरशी ही वनस्पती नव्हे आणि जिवाणूही नव्हे. सजीवांच्या वंशवृक्षावर ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळ बसते. तिच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक असते, प्रथिने घडवण्याची यंत्रणा बरीचशी आपल्यासारखी असते, अनेक विकरेही आपल्या विकरांची नातलग असतात. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्ती बांधू देत नाही आणि आपल्या पेशींना भिंतच नसल्याने आपण सुरक्षित राहतो. इतका सोयीचा फरक बुरशीत सहज सापडत नाही. जे बुरशीला मारते ते बहुधा आपल्यालाही इजा करते. जे थोडे फरक आहेत, त्यांतला सर्वांत उपयोगी ठरलेला फरक पेशीच्या पातळ पडद्यात आहे. आपल्या पडद्यात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल. आजची बहुतेक औषधे या एकाच फरकावर उभी आहेत. औषधे मोजकी आणि त्यांचे लक्ष्यही मोजके, म्हणून त्यांतले एक जरी निकामी झाले तरी त्याची जागा घ्यायला दुसरे लगेच मिळत नाही. पुस्तकातले प्रत्येक प्रकरण या जाणिवेतून लिहिले आहे.

रोगाचे मूळ सूक्ष्मजीवात असते हा विचार माणसाच्या बाबतीत प्रथम सिद्ध झाला तो बुरशीवरच. १८३९ मध्ये योहान लुकास श्योनलाइन यांनी डोक्याच्या खपल्यांत बुरशी पाहिली. पुढच्या काही वर्षांत पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी केसांच्या आणि कातडीच्या बुरशीची वर्णने प्रसिद्ध केली. क्षयाचा जंतू सापडायला त्यानंतर चार दशके लागली. कारण इतक्या लवकर कळले, पण पोटात घ्यायचे गुणकारी औषध मिळायला जवळपास १२० वर्षे जावी लागली.

या मधल्या काळातले एक महत्त्वाचे पान आपल्या शेजारी, साताऱ्यात लिहिले गेले. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव वैद्यकाचा विद्यार्थी 'ग्रेज ॲनाटॉमी'तल्या चित्रांमुळे ओळखतो. ते पुस्तक १८५८ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवले, आणि १८६० च्या दशकात ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला सूज येते, त्यातून नळ्या फुटतात आणि बारीक दाणे बाहेर पडतात, असा एक रोग त्यांनी चिकाटीने अभ्यासला. मदुराईकडे तो 'मदुरा फूट' म्हणून ओळखला जाई. कार्टर यांनी त्याला मायसेटोमा हे नाव दिले, त्यामागे बुरशी असल्याचे मांडले, आणि १८७४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला. रोगाची ओळख पटली, पण औषध नव्हते. पाय कापणे हाच बहुतेकांचा शेवट होता.

मायसेटोमाचा पुढचा इतिहास या क्षेत्राचा पहिला धडा शिकवतो. तसाच दिसणारा रोग काही वेळा बुरशीमुळे होतो आणि काही वेळा तंतूसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंमुळे. जिवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांनी बरा होतो. बुरशीजन्य प्रकाराला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ इट्राकोनाझोल आणि जोडीला शस्त्रक्रिया लागते. डोळ्यांना पाय सारखाच दिसतो, पण उपचार पूर्ण वेगळे. आधी ओळख, मग गोळी हा नियम साध्या गजकर्णालाही तितकाच लागू आहे.

कातडीवरच्या बुरशीसाठी लोकांकडे लेप होते. टाकळ्याचा पाला वाटून लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत 'गोवा पावडर' विकली जाई. पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून काढलेली ही भुकटी गोव्यामार्गे येई आणि नायट्यावर चोळली जाई. तिच्यातल्या क्रायसारोबिनने बुरशी हटे, कातडीही भाजे. मुलांच्या डोक्यातल्या बुरशीवर तर लेपाचा उपयोगच होत नसे, कारण बुरशी केसाच्या आत, मुळापर्यंत पोचलेली असते. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्ष-किरण देऊन सगळे केस गाळून टाकत. या किरणांची किंमत पुढे कळली. इस्रायलमध्ये लहानपणी असे उपचार झालेल्या मुलांमध्ये मोठेपणी मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. पोटात घ्यायच्या औषधाचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

ते औषध आले शेतीच्या वाटेने. १९३९ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीतून ग्रिसिओफल्विन वेगळे केले गेले. ते जिवाणूंवर चालेना, म्हणून कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४६ मध्ये वनस्पतींच्या बुरशीवर काम करणाऱ्यांना एक पदार्थ सापडला, ज्याने बुरशीचे तंतू वेडेवाकडे वळत. तो ग्रिसिओफल्विनच निघाला. पुढे १९५८ मध्ये जे. सी. जेंटल्स यांनी गिनीपिगना ते तोंडावाटे देऊन त्यांच्या कातडीवरची बुरशी बरी होते हे दाखवले, आणि वर्षभरात ते माणसांच्या उपचारात आले. पोटात गेलेली गोळी केसाच्या मुळाशी पोचून काम करते, हे वैद्यकाला तेव्हा नवे होते.

याच सुमारास आपल्या राज्यातही बुरशीविरोधी औषधांचे अस्सल संशोधन चालू होते. पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवले. सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरी आहे, औषधाच्या नावात कारखाना. हॅमायसिन तोंडावाटे देण्याचे प्रयोगही झाले, मात्र त्याचा उपयोग मुख्यतः लावण्यापुरता राहिला. तरीही परदेशातून आलेल्या औषधांची नक्कल करण्यापलीकडे जाऊन, आपल्या मातीतून नवा रेणू शोधण्याचे सामर्थ्य इथे होते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्या परंपरेचा धागा पुढे नेणारे हात हवे आहेत.

हॅमायसिन आणि त्याच्या कुळातले ॲम्फोटेरिसिन बी यांचे रेणू मोठे, आतड्यातून रक्तात नीट न शिरणारे. म्हणून ॲम्फोटेरिसिन शिरेतूनच द्यावे लागते. गोळीतून सर्वांगात पोचणारे व्यापक औषध मिळाले ते ॲझोल कुळात. १९८१ मध्ये अमेरिकेत कीटोकोनाझोलच्या गोळ्यांना परवानगी मिळाली. काहींच्या यकृताला त्यांनी गंभीर इजा केली, आणि २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या औषधनियंत्रकांनी त्यांच्यावर कडक बंधने आणली. साध्या कातडीच्या किंवा नखाच्या बुरशीसाठी कीटोकोनाझोल पोटात देऊ नये, ही आजची समज त्या अनुभवातून आली. १९९० मध्ये फ्लुकोनाझोल आले, १९९२ मध्ये इट्राकोनाझोल. टर्बिनाफिनचा वंश व्हिएन्नातल्या सँडोझच्या प्रयोगशाळेत सुरू झाला. मेंदूवर काम करणारे औषध शोधताना १९७४ मध्ये तिथे नॅफ्टिफिन हा बुरशीविरोधी पदार्थ अनपेक्षितपणे हाती लागला, आणि त्यातून टर्बिनाफिन घडवले गेले. ब्रिटनमध्ये त्याच्या गोळ्या १९९१ मध्ये, अमेरिकेत १९९६ मध्ये आल्या.

आता ही औषधे नेमके काय करतात ते थोडक्यात. एर्गोस्टेरॉल पायरीपायरीने तयार होते. टर्बिनाफिन सुरुवातीच्या पायरीवरचे स्क्वालिन इपॉक्सिडेज हे विकर अडवते. एर्गोस्टेरॉल कमी पडते आणि शिवाय न वापरलेले स्क्वालिन पेशीत साचून तिला विषारी ठरते. म्हणून गजकर्णाच्या बुरशीला टर्बिनाफिन मारते. ॲझोल त्यापुढच्या पायरीवरच्या विकराला अडवतात आणि बहुधा बुरशीची वाढ थांबवतात. उरलेले काम शरीराच्या प्रतिकारशक्तीने आणि कातडीच्या झडण्याने पूर्ण होते. ग्रिसिओफल्विनचा मार्ग निराळा : ते पेशीविभाजनाची आतली दोरी गुंतवून टाकते आणि नव्याने घडणाऱ्या केराटिनमध्ये जाऊन बसते.

गोळ्या किती दिवस घ्यायच्या याचे उत्तर इथून उलगडू लागते. गजकर्णाची बुरशी जिवंत कातडीत राहत नाही. ती वरच्या मृत थरात, केसात, नखात, म्हणजे केराटिनवर जगते. तिथे रक्तवाहिन्या नाहीत. औषधाला तिथे पोचायचे तर घामातून, त्वचेच्या तेलातून, किंवा खालून वर सरकणाऱ्या नव्या पेशींबरोबर जावे लागते. शेत नांगरून नवे पीक उगवावे तशी जुनी बाधित कातडी झडून औषधाने भारलेली नवी कातडी वर येईपर्यंत उपचार चालू हवेत. कातडीचा हा फेरा साधारण चार आठवड्यांचा. हाताचे नख पूर्ण वाढायला सुमारे सहा महिने, पायाच्या अंगठ्याचे वर्ष-दीड वर्ष. टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोल केराटिनला चिकटून राहतात, त्यामुळे पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन बारा आठवडे दिले तरी पुढेही काही काळ त्याचा परिणाम चालू राहतो. नख मात्र हळूहळू वाढूनच साफ दिसते. खाज चार दिवसांत थांबते, बुरशी थांबत नाही. बहुतेक अपुरे उपचार या दोन गोष्टींतला फरक न समजल्यामुळे अपुरे राहतात.

गोळी कशाबरोबर घेतली यालाही तितकेच महत्त्व आहे. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला विरघळण्यासाठी पोटातले आम्ल लागते, म्हणून ती जेवणानंतर घ्यायची. पित्तासाठी रोज पँटोप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्याच्या पोटात तीच कॅप्सूल नीट शोषली जात नाही. ग्रिसिओफल्विनला स्निग्ध अन्नाची जोड लागते. फ्लुकोनाझोल मात्र जेवणाशी संबंध न ठेवता जवळपास पूर्ण शोषले जाते. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलमध्ये औषध लावलेले बारीक दाणे असतात. भारतातल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये दाण्यांची संख्या आणि आकार यांत मोठी तफावत असल्याचे दिल्लीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. अधिक शोषले जाणारे 'सुबा' प्रकारचे इट्राकोनाझोलही आता मिळते. त्याचे मिलिग्रॅम आणि साध्या कॅप्सूलचे मिलिग्रॅम एकास एक बदलता येत नाहीत. काउंटरवरच्या फार्मासिस्टाने हा एक मुद्दा जाणला तरी अनेक रुग्णांचे उपचार वाचतील.

आता आपल्या काळाच्या प्रश्नाकडे येऊ. साधारण २०१० नंतरच्या दशकात भारतभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना गजकर्णाचा स्वभाव बदललेला दिसू लागला. पूर्वी ते दोन आठवड्यांच्या औषधाने बरे होई. आता ते अंगभर पसरू लागले, चेहऱ्यावर येऊ लागले, घरातल्या सगळ्यांना होऊ लागले आणि गोळ्या संपताच परतू लागले. प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशीही बदललेली होती. ट्रायकोफायटॉन रुब्रमची जागा ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिसच्या एका प्रकाराने घेतली होती. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला स्वतंत्र जातीचे नाव दिले : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. दिल्लीतल्या २०१८ च्या अभ्यासात जवळपास एक-तृतीयांश नमुने टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात या प्रकारच्या बुरशीच्या सुमारे ७० टक्के नमुन्यांत टर्बिनाफिनविरोध आढळला. कारण अगदी लहान आहे. स्क्वालिन इपॉक्सिडेजच्या साखळीत ३९३ किंवा ३९७ या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलते आणि टर्बिनाफिनला तिथे पकड मिळत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या जातीच्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद झाली. त्यांतली एक बाई परदेशात गेलेलीच नव्हती.

हे का घडले याचे एकच उत्तर नाही, पण एक कारण सगळे मान्य करतात. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड, एखादे प्रतिजैविक आणि एखादे बुरशीविरोधी औषध एकाच ट्यूबमध्ये घालून विकली जाणारी मलमे. स्टेरॉइडने खाज आणि लाली एका दिवसात ओसरते, म्हणून रुग्ण खूश होतो. पण त्याच स्टेरॉइडने कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी खालच्या खाली पसरते. गोलाच्या आत गोल उमटतात, कड पुसट होते, रोग ओळखणे अवघड होते. जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम उघडली, चिवट गजकर्णासाठी कृतिगट नेमला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी सुधारणा केली. कायदा झाला, पण त्याचा अंमल शेवटी होतो तो कोपऱ्यावरच्या दुकानात. मनापासून सांगतो, या विषयातली सर्वांत मोठी सत्ता कोणाकडे असेल तर ती चिठ्ठीशिवाय तसली ट्यूब द्यायला नकार देणाऱ्या माणसाकडे.

कोल्हापूर या प्रश्नाचा चांगला अभ्यासविषय आहे. उष्ण, दमट हवा. भट्ट्या, गुऱ्हाळे आणि माग. दिवसभर अंगाला चिकटलेले कृत्रिम धाग्याचे घट्ट कपडे. पावसाळ्यात न वाळणारी अंतर्वस्त्रे. एका खोलीत पाच-सहा माणसे आणि एकच टॉवेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने हजारो लोकांना दिवसेंदिवस ओलाव्यात राहावे लागले. पायांच्या बोटांतल्या चिखल्या अशा दिवसांत वाढतात. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाने आणि गंगावेस, मोतीबाग यांसारख्या तालमींनी घडवलेल्या या कुस्तीच्या शहरात अंगाला अंग भिडवणे रोजचेच. कुस्तीगीरांमधले गजकर्ण जगभर ओळखीचे आहे. अमेरिकेतल्या शालेय आणि महाविद्यालयीन कुस्तीत अंगावर गजकर्ण असलेल्याला किमान ७२ तास उपचार झाल्याशिवाय आणि डोक्यात असेल तर १४ दिवस तोंडावाटे औषध झाल्याशिवाय आखाड्यात उतरू देत नाहीत. आपल्या तालमींच्या वस्तादांनी असा नियम मनावर घेतला, लंगोट आणि टॉवेल स्वतंत्र ठेवायला लावले, तर पोरांच्या अर्ध्याअधिक गोळ्या वाचतील. घरातल्या एकालाच औषध देऊन चालत नाही, हे पुस्तकात पुन्हा पुन्हा येते ते यासाठीच. घरातल्या बाधितांवर एकाच वेळी उपचार झाले नाहीत तर बुरशी फिरत राहते.

उपचार निवडताना पोटॅशियम हायड्रॉक्साइडची साधी तपासणी फार उपयोगी पडते. कडेचे खवले खरवडून काचेवर घ्यायचे, त्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू शोधायचे. तालुक्याच्या दवाखान्यातही ती होऊ शकते. बुरशी वाढवून पाहायला मात्र आठवडे लागतात आणि औषधाला ती दाद देते का हे पाहणाऱ्या प्रयोगशाळा देशात थोड्या आहेत. म्हणून डॉक्टरला बहुधा अंदाजानेच निवड करावी लागते. टर्बिनाफिनला विरोध वाढल्याने आज अनेकदा इट्राकोनाझोल निवडले जाते आणि ते चार ते आठ आठवडे किंवा त्याहूनही अधिक द्यावे लागते. हा भार एकाच औषधावर पडला तर त्याचेही तेच होईल, ही चिंता रास्त आहे.

दीर्घकाळ द्यायचे म्हणजे जपून द्यायचे. टर्बिनाफिन आणि ॲझोल यकृताला इजा करू शकतात, म्हणून आधी यकृताची तपासणी लागते. आधीचा यकृतविकार असेल तर टर्बिनाफिन टाळतात. टर्बिनाफिनने काहींची चव जाते. हृदयाची पंपिंग क्षमता कमी असलेल्यांना इट्राकोनाझोल साध्या बुरशीसाठी देत नाहीत. ॲझोल इतर औषधांचे विघटन अडवतात : इट्राकोनाझोलबरोबर सिमव्हास्टॅटिन धोकादायक ठरते, फ्लुकोनाझोलबरोबर वॉरफरिनमुळे रक्तस्राव आणि ग्लिमेपिराइडमुळे साखर उतरणे संभवते. ग्रिसिओफल्विन संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी करते. गरोदरपणात ही औषधे सहसा टाळावीत. मधुमेह, रक्तदाब आणि गजकर्ण एकत्र असलेला रुग्ण आपल्याकडे नेहमीचा. त्याच्या सगळ्या गोळ्या समोर ठेवून विचार करणे ही या शास्त्राची मूलभूत शिस्त.

कातडीपलीकडचा प्रांत अधिक गंभीर आहे. कोविडच्या २०२१ मधल्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्र हादरला. अनियंत्रित मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड्स यांच्या जोडीने नाक, डोळा आणि जबडा पोखरणारी ही बुरशी झपाट्याने वाढली. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयासह राज्यातल्या मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया आणि ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांनी जीव वाचवले गेले. इंजेक्शनांचा तुटवडा पडला तेव्हा एका औषधावर किती भिस्त असते हे सर्वांना कळले. त्यानंतर कित्येक रुग्णांना महिनोन्महिने पोसाकोनाझोलच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागल्या. एचआयव्हीबाधितांच्या मेंदूच्या आवरणातल्या बुरशीवर फ्लुकोनाझोल आणि फ्लुसायटोसिन, क्षयाने पोकळी पडलेल्या फुप्फुसातल्या ॲस्परजिलसवर इट्राकोनाझोल : पोटातली औषधे इथे जीव राखण्याचे काम करतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राधान्याने लक्ष द्यायच्या १९ रोगकारक बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली, ती या वाढत्या जाणिवेतूनच.

ॲस्परजिलसच्या निमित्ताने दवाखान्याचा शेताशी असलेला संबंध पाहावा लागतो. सांगली-तासगावच्या द्राक्षबागांत भुरी या बुरशीजन्य रोगावर हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल फवारतात. ही ॲझोल कुळातलीच बुरशीनाशके, त्याच विकरावर काम करणारी. मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यात राहणारी ॲस्परजिलस फ्युमिगॅटस या फवाऱ्यांना तोंड देत विरोध कमावते, आणि तिचे बीजाणू हवेतून माणसाच्या फुप्फुसात जातात. ज्याने आयुष्यात कधी ॲझोलची गोळी खाल्ली नाही अशा रुग्णातही विरोधी बुरशी सापडते, ती यामुळे. भारतात रुग्ण आणि माती दोन्हींत असे प्रकार २०१२ पासून नोंदले गेले आहेत. बागायतदार भुरीशी लढतो आहे, त्याला दोष देऊन काही साधणार नाही. पण कृषी विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी एका टेबलाशी बसून या औषधांचे नियोजन केले पाहिजे, आणि ऊस, द्राक्ष व दवाखाने जवळजवळ असलेल्या आपल्या भागात ते सुरू होणे सर्वांत सोपे आहे.

नवी औषधे येत आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत इब्रेक्साफंजर्प या नव्या कुळातल्या तोंडावाटे घ्यायच्या औषधाला परवानगी मिळाली. मायसेटोमासाठी सुदानमध्ये फॉसराव्युकोनाझोलची चाचणी झाली. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी म्हणून शेतमजुराला ती सोयीची. तरी नवे औषध हाती पडेपर्यंत जुन्यांवरच चालवायचे आहे, आणि ती वापरण्याची रीत ही आपल्या हातातली गोष्ट आहे.

पुस्तकाची मांडणी या क्रमानेच आहे : आधी बुरशीचे जीवन, मग प्रत्येक औषधाचे स्वतंत्र प्रकरण, मग कातडी-केस-नख आणि खोलवरचे संसर्ग, त्यानंतर औषधविरोध, दुष्परिणाम आणि शेतीशी असलेला संबंध. वैद्यकाबाहेरच्या वाचकाने रासायनिक तपशिलांची पाने प्रथम ओलांडून औषधांचा प्रवास आणि औषधविरोध ही दोन प्रकरणे आधी वाचली तरी चालेल. विषयाचा गाभा तिथे आहे. विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी की त्यांनी उत्तरांइतकेच प्रश्नही इथून उचलावेत. कोल्हापूरच्या वस्त्यांत, तालमींत, पूर ओसरलेल्या गल्ल्यांत कोणती बुरशी फिरते आहे, कोणत्या गोळीला ती अजून दाद देते, आठ आठवड्यांचा उपचार किती घरांना परवडतो आणि तो मध्येच का सुटतो : ही मोजणी इथल्याच लोकांनी, इथल्याच भाषेत रुग्णाशी बोलून करायची आहे. तिच्यासाठी फार महागडी यंत्रे लागत नाहीत. एक सूक्ष्मदर्शक, नीट ठेवलेली नोंदवही आणि रुग्णाला पुन्हा बोलावण्याची चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. ती ज्यांनी करायची आहे त्यांच्या हाती हे पुस्तक विश्वासाने देत आहे.